दीर्घायुष्याची अट

शंभरी ओलांडलेल्या माणसाला भेटायला आलेला पत्रकार, तो कोणत्याही देशातला असो, एक प्रश्न हमखास विचारतो: तुमच्या दीर्घायुष्याचे रहस्य काय? न्यूयॉर्कमधल्या सुझाना मशॅट जोन्स २०१५ साली जगातील सर्वांत वयोवृद्ध हयात व्यक्ती ठरल्या, तेव्हा त्यांच्याबाबतही हेच झाले. त्या रोज सकाळी अंड्यांबरोबर बेकनचे चार काप खातात, ही बातमी जगभर पोहोचली आणि डुकराच्या मांसाच्या बाजूने व विरोधात बोलणाऱ्या दोन्ही पक्षांना काही दिवस चघळायला विषय मिळाला. १२ मे २०१६ रोजी वयाच्या ११६ व्या वर्षी त्या वारल्या, तेव्हाच्या मृत्युलेखांतही बेकनला मानाचे स्थान होते.

या बाईंच्या आयुष्यात विचारण्यासारखे दुसरे काही नव्हते काय? १८९९ साली अलाबामा राज्यातील लाउंड्स काउंटीत, दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आजी-आजोबा गुलामगिरीत जन्मलेले होते. १९२२ साली त्या कॅलहून येथील कृष्णवर्णीयांच्या शाळेतून उत्तीर्ण झाल्या आणि टस्कीगी संस्थेत शिक्षिका होण्यासाठी त्यांना प्रवेशही मिळाला, पण फी भरण्याइतका पैसा आईवडिलांकडे नव्हता. पुढच्याच वर्षी त्या न्यूयॉर्कला आल्या आणि आठवड्याला ७ डॉलर पगारावर श्रीमंतांची मुले सांभाळू लागल्या. १९६५ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी हेच काम केले. मात्र या तुटपुंज्या मिळकतीतून पैसा बाजूला काढून त्यांनी शाळेतल्या मैत्रिणींच्या साथीने 'कॅलहून क्लब' नावाचा शिष्यवृत्ती निधी उभारला आणि कृष्णवर्णीय मुलींना महाविद्यालयात पाठवले. स्वतःच्या भाच्यांच्या शिक्षणाचा भारही उचलला. जे शिक्षण पैशाअभावी आपल्या हातून निसटले, ते इतरांच्या हातून निसटू नये यासाठी एक बाई आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी राबते, ही खरी बातमी होती. पण न्याहारीचा प्रश्न विचारला की न्याहारीचेच उत्तर मिळते, आणि टस्कीगीची फी कोणाला परवडत होती व कोणाला नव्हती या विषयाकडे वळावे लागत नाही. ही सोय मोठी आहे, आणि ती नकळत झालेली आहे असे मला वाटत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की अमेरिकेने आपल्या कृष्णवर्णीय नागरिकांना सन्मान आणि न्याय या दोन्ही गोष्टी फार मोठ्या प्रमाणात दीर्घायुष्याच्या अटीवर देऊ केल्या. इतरांना जे तिशीत किंवा चाळिशीत मिळत होते, ते मिळवण्यासाठी या माणसांना नव्वदी किंवा शंभरी गाठावी लागली, आणि ज्यांना ती गाठता आली नाही त्यांच्या वाट्याचे ते बुडीत खाती गेले. म्हणून आफ्रिकन-अमेरिकन शतायुषींचे कौतुक करताना या अटीचा उल्लेख टाळला, तर ते कौतुक अपुरेच नव्हे तर दिशाभूल करणारे ठरते.

१९०० साली अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या बालकाचे सरासरी आयुर्मान ४७.६ वर्षे होते, तर कृष्णवर्णीय बालकाचे ३३ वर्षे. एकाच देशात, एकाच वर्षी जन्मलेल्या दोन मुलांमध्ये जवळपास १५ वर्षांचे अंतर जन्माच्या दिवशीच पडलेले होते. हे अंतर पुढे बरेच कमी झाले, पण मिटले नाही. करोनाच्या साथीच्या आदल्या वर्षी, म्हणजे २०१९ सालीही, ते सुमारे ४ वर्षांचे होते. असे असूनही २०१० च्या जनगणनेत देशभर मोजल्या गेलेल्या ५३,३६४ शतायुषींपैकी १२.२ टक्के कृष्णवर्णीय होते, म्हणजे एकूण लोकसंख्येतील त्यांच्या वाट्याच्या अगदी जवळ. हा आकडा वरवर पाहणाऱ्याला वाटेल, की शेवटी सारे समान होते.

लोकसंख्याशास्त्रात या कोड्यावर जुना वाद आहे. ऐंशीच्या पुढे कुठेतरी कृष्णवर्णीयांचा मृत्युदर गोऱ्यांच्या मृत्युदराखाली गेलेला दिसतो, दोन्ही आलेख एकमेकांना छेदतात. काहींच्या मते हा मुख्यतः वयाच्या चुकीच्या नोंदींचा परिणाम आहे. इतरांच्या मते ही निवडीची किमया आहे, म्हणजे बालपणीची उपासमार, क्षयरोग, बाळंतपणे, शेतावरची आणि कारखान्यातली अंगमोड या साऱ्यांतून जे वाचले ते मुळातच इतके चिवट होते, की उतारवयात मृत्यूला त्यांच्यावर सहज हात टाकता येईना. दुसरे स्पष्टीकरण खरे मानले तर प्रत्येक शतायुषीमागे अकाली गेलेल्यांची एक मोठी रांग उभी आहे. पहिले खरे मानले तर प्रश्न नोंदींचा आहे, आणि त्या कोणी ठेवल्या नाहीत हेही विचारावे लागते. एकोणिसाव्या शतकातील १८५० आणि १८६० च्या जनगणनांत गुलामांची नावेसुद्धा लिहिली गेली नाहीत. मालकाच्या नावाखाली वय, लिंग आणि रंग एवढेच. जन्मनोंदणीची राष्ट्रीय व्यवस्था १९१५ साली मोजक्या राज्यांपासून सुरू झाली आणि सर्व राज्ये तिच्यात यायला १९३३ साल उजाडले. दक्षिणेतल्या खेड्यात सुईणीच्या हातून जन्मलेल्या काळ्या मुलीच्या जन्माचा दाखला मिळणे ही त्या काळात अपवादाची गोष्ट होती.

या न मिळालेल्या दाखल्याचे काय होते, हे व्हर्जिनिया मॅक्लॉरिन यांच्या बाबतीत साऱ्या जगासमोर आले. फेब्रुवारी २०१६ मध्ये व्हाइट हाउसमध्ये १०६ वर्षांच्या या आजीबाई बराक आणि मिशेल ओबामा यांच्यासोबत आनंदाने नाचल्या, आणि ती चित्रफीत कोट्यवधी लोकांनी पाहिली. त्यानंतर थोड्याच दिवसांत उघड झाले, की राष्ट्राध्यक्षांबरोबर नाचलेल्या या बाईंना साधे छायाचित्र असलेले ओळखपत्र मिळत नाही. पर्स चोरीला गेली तेव्हा जुने ओळखपत्र तिच्याबरोबर गेले होते. नवे देण्यासाठी राजधानी वॉशिंग्टनच्या कार्यालयाला जन्माचा दाखला हवा होता. जन्माचा दाखला देण्यासाठी साउथ कॅरोलायनाला छायाचित्र असलेले ओळखपत्र हवे होते. सरकारी कचेरीचे उंबरठे झिजवलेल्या मराठी माणसाला हा पेच समजावून सांगायची गरज नाही. शहराच्या महापौरांनी लक्ष घातले, सत्तरीपुढच्या लोकांसाठी नियम सैल केला गेला आणि बाईंना ओळखपत्र मिळाले. पण राष्ट्राध्यक्षांबरोबर नाचण्याची संधी न मिळालेल्या, दाखला नसलेल्या इतर वृद्धांनी दाद कोणाकडे मागायची होती? ज्या यंत्रणेने जन्माच्या वेळी यांची नोंद घेण्याचे कष्ट केले नाहीत, तिनेच शंभर वर्षांनी नोंद नाही म्हणून यांना दारात अडवावे, आणि तेही अशा काळात की जेव्हा अनेक राज्यांत मतदानासाठी ओळखपत्र सक्तीचे होत होते, यात मला निव्वळ कार्यालयीन गोंधळ दिसत नाही.

सन्मानांच्या तारखा पाहिल्या की ही अट आणखी स्पष्ट होते. अमेरिकेच्या अंतराळ संस्थेत, म्हणजे नासात, गणितज्ञ असलेल्या कॅथरीन जॉन्सन यांच्या गावात कृष्णवर्णीय मुलांसाठी आठवीपुढे शाळा नव्हती, म्हणून मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंबाने वर्षातले काही महिने दुसऱ्या गावी बिऱ्हाड केले. १९६२ साली अंतराळवीर जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, तेव्हा यंत्राने काढलेली गणिते जॉन्सनबाईंनी हाताने पडताळावीत असा आग्रह त्यांनी धरला. या कामासाठी राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक बाईंच्या गळ्यात पडले ते २०१५ साली, वयाच्या ९७ व्या वर्षी. २०२० मध्ये १०१ व्या वर्षी त्या गेल्या. त्यांच्या सहकारी मेरी जॅक्सन १९५८ साली नासाच्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला अभियंता झाल्या. त्यासाठी लागणारे वर्ग गोऱ्यांच्या शाळेत भरत असल्यामुळे तिथे बसण्याची परवानगी त्यांना नगरपालिकेकडे अर्ज करून मिळवावी लागली होती. २००५ साली त्या ८३ व्या वर्षी वारल्या, हे काही अल्पायुष्य नव्हे. तरीही काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकी संसदेचे, सुवर्णपदक आणि नासाच्या मुख्यालयाच्या इमारतीला नाव हे सारे त्यांच्या पश्चात झाले. दोघींच्या कर्तृत्वात डावे-उजवे करण्याचे कारण नाही. एक शंभरीपर्यंत थांबू शकली आणि दुसरी नाही, एवढाच काय तो फरक.

सैन्यातही हेच घडले. ६८८८ व्या टपाल बटालियनमधल्या ८५५ महिला, ज्यांत बहुतेक सर्व कृष्णवर्णीय होत्या, १९४५ च्या आरंभी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला उतरल्या. आघाडीवरच्या सैनिकांची सुमारे १ कोटी ७० लाख पत्रे आणि पार्सले तिथल्या गोदामांत तुंबलेली होती. हवाई हल्ल्यांच्या भीतीने खिडक्या काळ्या केलेल्या, आत बोचरी थंडी, टपालातल्या खाऊवर पोसलेले उंदीर. एकाच नावाचे शेकडो सैनिक असल्यामुळे क्रमांकावरून पत्ता शोधायचा, आणि सैनिक मारला गेला असेल तर पत्र तशा शेऱ्यासह परत पाठवायचे. तीन पाळ्यांत काम करून सहा महिन्यांचे हे काम त्यांनी तीन महिन्यांत उरकले. १९४६ साली बटालियन विसर्जित झाली ती कोणत्याही समारंभाविना. काँग्रेसच्या सुवर्णपदकाचा कायदा झाला २०२२ साली. बटालियनच्या प्रमुख मेजर चॅरिटी अ‍ॅडम्स त्याच्या वीस वर्षे आधी वारल्या होत्या; सन्मान स्वीकारायला बटालियनमधल्या रोमे डेव्हिस होत्या, कारण त्यांचे वय १०२ होते. तीन युद्धांत ४०९ लढाऊ उड्डाणे केलेले वैमानिक चार्ल्स मॅकगी १९७३ साली कर्नल म्हणून निवृत्त झाले आणि त्यांना ब्रिगेडियर जनरलचा मानाचा हुद्दा मिळाला तो २०२० साली, शंभरी पूर्ण झाल्यावर. वरातीमागून घोडे म्हणावे, तर इथे वरात निघून अर्धे शतक लोटले होते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. ही माणसे स्वतः कडवट नव्हती. त्यांनी आनंदाने पदके स्वीकारली, मग त्यांच्या वतीने तुम्ही का कुरकुरता? या आक्षेपाला सेडी आणि बेसी डेलनी या भगिनींच्या आयुष्यात उत्तर सापडते. त्यांचे वडील गुलाम म्हणून जन्मले आणि पुढे एपिस्कोपल चर्चचे बिशप झाले. कोलंबिया विद्यापीठ मराठी वाचकाला परिचित आहे ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे १९१३ ते १९१६ या काळात शिकले म्हणून. त्यानंतर काही वर्षांनी बेसी डेलनी त्याच विद्यापीठात दंतवैद्यक शिकायला आल्या. तिथे एका प्राध्यापकाने त्यांचे काम नापास केले, तेव्हा एका गोऱ्या मैत्रिणीने तेच काम स्वतःचे म्हणून पुढे केले आणि ते उत्तीर्ण झाले. १९२३ साली पदवी घेऊन बेसी हार्लेममध्ये दवाखाना चालवू लागल्या. सेडीला न्यूयॉर्कच्या हायस्कूलमध्ये गृहविज्ञान शिकवायचे होते, पण काळा चेहरा दिसला की नोकरी हुकणार हे ठाऊक होते. त्यांनी मुलाखतीला जायचेच टाळले, तारखेचा घोटाळा झाल्याचे निमित्त केले, कागदोपत्री नेमणूक पदरात पाडून घेतली आणि शाळेच्या पहिल्या दिवशी थेट वर्गात जाऊन उभ्या राहिल्या. तोवर त्यांना परत पाठवायची वेळ टळून गेली होती. १९९३ साली या दोघींच्या आठवणींचे पुस्तक निघून देशभर गाजले, तेव्हा सेडी १०४ वर्षांच्या होत्या आणि बेसी १०२ वर्षांच्या. दीर्घायुष्याच्या रहस्याबद्दल त्यांनाही विचारले गेलेच, आणि आमच्या जिवाला घोर लावायला नवरे नव्हते, अशा अर्थाचे बेसीचे उत्तर अजूनही सांगितले जाते. या भगिनी आनंदी होत्या यात शंका नाही; पण थोरली जितकी गोड तितकी धाकटी तिखट होती, आणि झालेला एकही अपमान ती विसरली नव्हती. माणूस आनंदी आहे याचा अर्थ त्याने हिशेब सोडून दिला असा होत नाही.

सन्मान उशिरा मिळाला तर निदान मिळाला, असे म्हणता येते. न्यायाबाबत तेही म्हणता येत नाही, आणि ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहराचे प्रकरण हा त्याचा धडधडीत पुरावा आहे. ३१ मे आणि १ जून १९२१ रोजी गोऱ्यांच्या जमावाने तिथली ग्रीनवुड ही भरभराटीची कृष्णवर्णीय वस्ती जाळली. सुमारे ३५ चौकांचा परिसर बेचिराख झाला, मृतांचा अंदाज ३०० पर्यंत जातो, हजारो लोक बेघर झाले. त्या रात्री घरातून पळालेली सात वर्षांची व्हायोला फ्लेचर चौथीपुढे शिकू शकली नाही, युद्धकाळात जहाजबांधणीच्या गोदीत आणि पुढे वयाच्या पंच्याऐंशीपर्यंत लोकांच्या घरी कामाला राहिली. १९ मे २०२१ रोजी, १०७ व्या वर्षी, अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्ष देताना त्यांनी सांगितले, की त्यांना अजून धुराचा वास येतो, रस्त्यात पडलेली प्रेते दिसतात आणि डोक्यावरून जाणारी विमाने ऐकू येतात. त्यांचे धाकटे भाऊ ह्यूज व्हॅन एलिस हत्याकांडाच्या वेळी काही महिन्यांचे तान्हे होते आणि पुढे दुसऱ्या महायुद्धात देशासाठी लढले. न्याय मिळाल्यावाचून मला या जगातून जाऊ देऊ नका, अशी विनवणी त्यांनी त्याच दिवशी केली.

राज्याने नेमलेल्या आयोगाने २००१ सालीच हयात व्यक्तींना भरपाई द्यावी अशी शिफारस केली होती. त्यांना पदके मिळाली, पैसे मिळाले नाहीत. २००३ साली दाखल झालेला दावा मुदतीच्या कायद्यावर फेटाळला गेला: ऐंशी वर्षे कुठे होतात, असा न्यायालयांचा सूर. १९२१ नंतरच्या ओक्लाहोमात, जिथे हे हत्याकांड शाळेच्या पुस्तकांतूनही वगळले गेले होते, काळ्या माणसाने कोणत्या न्यायालयात जायला हवे होते, याचे उत्तर त्या निकालांत मिळत नाही. २०२० साली वाचलेल्यांनी सार्वजनिक उपद्रवाच्या कायद्याचा आधार घेऊन पुन्हा दावा लावला. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये व्हॅन एलिस १०२ व्या वर्षी वारले. जून २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की तक्रार रास्त असली तरी या कायद्यात बसत नाही. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय न्यायखात्याने अहवाल काढून हा हल्ला सुसंघटित आणि लष्करी धाटणीचा होता हे मान्य केले, आणि आरोपी मेले व मुदत टळली म्हणून खटला शक्य नाही असेही नमूद केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्लेचर १११ व्या वर्षी गेल्या. त्यांच्यामागे दावेदारांपैकी एकट्या लेसी बेनिंगफील्ड रँडल उरल्या. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, ही आपल्याकडची म्हण इथे शब्दशः लागू पडते. थांबून राहिले की साक्षीदार मरतात आणि प्रश्न आपोआप मिटतो, असा धडा प्रत्येक निकालातून शासनाला मिळत गेला.

शंभर वर्षांपूर्वीच्या गुन्ह्याचा दंड आजच्या करदात्याने का भरावा, हा प्रश्न गैर नाही. पण सरकारे जुनी देणी फेडत नाहीत असे मुळीच नाही. यादवी युद्धातल्या एका सैनिकाच्या मुलीला, आयरीन ट्रिपलेट यांना, केंद्र सरकार दरमहा ७३.१३ डॉलर निवृत्तिवेतन देत होते, आणि ते युद्ध संपल्यानंतर १५५ वर्षांनी, ३१ मे २०२० रोजी त्या वारल्या तोपर्यंत देत राहिले. दिवस पाहा: टल्साच्या हत्याकांडाला त्याच दिवशी ९९ वर्षे पुरी झाली. १९२३ साली रोझवुड या गावी अशाच प्रकारे उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबांपैकी वाचलेल्यांना फ्लोरिडा राज्याने १९९४ साली प्रत्येकी दीड लाख डॉलर दिले, आणि वंशजांसाठी शिष्यवृत्त्याही ठेवल्या. म्हणजे एकदा देणे आपले आहे असे ठरवले, की काळ आड येत नाही. शिवाय टल्सातली माणसे मेली असली तरी टल्सा महानगर ही कायदेशीर संस्था मेलेली नाही. तिच्या नावावरची जमीन, रोखे आणि करार सारे अखंड चालू आहेत. मालमत्ता वारशाने येते आणि जबाबदारी मात्र माणसाबरोबर जळून जाते, हा न्याय कोणत्याही सावकाराच्या वहीत चालत नाही.

माझ्या मते चूक मुळात 'हयात असेल त्याला' या शब्दांत आहे. १९८८ साली जपानी वंशाच्या अमेरिकनांना दुसऱ्या महायुद्धातल्या नजरकैदेबद्दल प्रत्येकी २०,००० डॉलर देण्याचा चांगला कायदा झाला, पण तोही कायदा संमत होण्याच्या दिवशी जिवंत असलेल्यांपुरताच होता. ही अट घातली की दीर्घायुषी माणूस दावेदार न राहता अपवाद बनतो, आणि त्याला दिलेली रक्कम किंवा पदक ही देण्याची सुरुवात न ठरता शेवट ठरते. दावा हक्काचा असेल तर तो वारसाकडे जायला हवा, आणि सन्मान कामाचा असेल तर तो काम झाल्यावर लगेच व्हायला हवा.

टल्साचे महापौर मन्रो निकोल्स यांनी जून २०२५ मध्ये १० कोटी ५० लाख डॉलरच्या खासगी निधीची योजना जाहीर केली. घरे, शिष्यवृत्त्या आणि ग्रीनवुडचे पुनरुज्जीवन यांसाठी ती आहे आणि ती स्वागतार्हच आहे, पण तिच्यात कोणाच्याही हातात थेट रक्कम देण्याची तरतूद नाही. वारस कोण हे कसे ठरवायचे, अशी अडचण अशा वेळी पुढे केली जाते. जन्माचे दाखले नसलेल्या लोकांबाबत ती एरवी खरीही असते. इथे मात्र कागद आहेत. १९२१ सालीच ग्रीनवुडच्या रहिवाशांनी सुमारे १८ लाख डॉलरचे दावे शहराकडे रीतसर दाखल केले होते. शहराने ते नामंजूर केले, एक सोडून. जमावाने ज्याच्या दुकानातून बंदुका नेल्या होत्या, त्या गोऱ्या दुकानदाराला त्यांची किंमत देण्यात आली.